वशिंडाचा हत्ती

मालोजी पेंटर येणार नाही, हे अर्जुनाने सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच सांगून टाकलं. पिंपरीपासून निघोज्यापर्यंत सगळी वाट तो निरोप त्याने तोंडातच धरून आणला होता. मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या, छबूचं लग्न शुक्रवारवर आलं होतं, आणि आज सोमवार होता.

"येणार न्हाई म्हंजे?" बबनराव म्हणाले. ते अर्जुनाचे थोरले भाऊ आणि नवरीचे वडील. हातातला सुतळीचा गुंडा तसाच राहिला. "चैतात कामाचा इडा दिलाय मी त्याला."

"औषधाच्या कंपनीत पाट्या रंगवायचं काम लागलंय त्याला, दादा. मी शिफ्ट सुटून निघालो तर गेटावरच भेटला. म्हणला, काम सोडून येता येत न्हाई. लग्नादिवशी तोंड दाखवून जातो म्हणला."

"त्याचं तोंड काय भिंतीला चिकटवू?"

बबनराव मांडवात खाली बसले आणि घराच्या भिंतीकडे बघत राहिले. राग आला की ते आधी गप्प होत, आणि मग घरातली माणसं आपापली कामं शोधत. भिंत कालच पांढऱ्या मातीने सारवून घेतली होती. आपल्याकडे लग्नघराचं दार कधी मोकळं ठेवत नाहीत. दोन्ही अंगांना दोन हत्ती लागतात, सोंडेत माळ धरलेले. त्यांची तोंडं दाराकडे लागतात, कारण लक्ष्मी आत यायची असते, बाहेर जायची नसते. चाकणच्या आसपासच्या गावांतले हे हत्ती वीस-पंचवीस वर्षं एकटा मालोजीच काढत आला होता, आणि ते सगळे एकाच हत्तिणीची पोरं असल्यासारखे सारखे होते.

"माझ्या लग्नात हत्ती होतं," सुभद्राबाई म्हणाल्या. या बबनरावांच्या पाठच्या बहीण, पुण्याला दिलेल्या. लग्नासाठी आठ दिवस आधी येऊन ठाकल्या होत्या. "आता छबीच्या दाराला नुसती पांढरी माती? यशवंतराव काय म्हणतील?"

यशवंतराव म्हणजे व्याही. तळेगावाकडचे. त्यांचं नाव निघालं की बबनराव ताठ बसत, आणि त्याला कारणही तसंच होतं. दोन वर्षांमागे खंडोबाच्या जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीला बबनरावांचा पाखऱ्या आणि यशवंतरावांचा हरण्या दोघेही उतरले, आणि दोन्ही गाड्यांची बारी, म्हणजे घाट चढायला लागलेला वेळ, अगदी सारखी भरली. पंचांनी सारखी म्हणून निकाल दिला, तो दोघांपैकी कुणालाच पटला नाही. भांडायला म्हणून यशवंतराव दोनदा निघोज्याला आले. दुसऱ्या खेपेला छबूने चहा आणून दिला, आणि तिसऱ्या खेपेला ते मुलाला घेऊनच आले. सोयरीक जुळली, पण पहिला कोण हे काही अजून ठरलं नव्हतं.

"सरू काढंल," अर्जुन म्हणाला.

सगळ्यांनी एकदमच उंबऱ्याकडे पाहिलं. सरू, त्याची बायको, तिथे तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"भावजी, शिंगं रंगवणं येगळं अन् भिंत येगळी," तानाबाई म्हणाल्या. त्या बबनरावांच्या मंडळी, सरूच्या थोरल्या जाऊ. बोलणं वाईट नव्हतं, पण त्यात नकार होता.

शिंगांची गोष्ट खरी होती. चार वर्षांपूर्वी या घरात आल्यापासून पोळ्याला बैलांची शिंगं सरूच रंगवायची. पहिल्या वर्षी नुसते पट्टे ओढले. गेल्या पोळ्याला पाखऱ्याच्या शिंगांवर बुडापासून टोकापर्यंत वेल चढवला आणि दोन्ही टोकांवर एकेक पाखरू बसवलं. अर्धं गाव बघून गेलं. पण त्याला कुणी चित्र म्हटलं नाही. शिंगं छान झाली, इतकंच म्हटलं.

"काकीच काढंल," छबू म्हणाली. लग्न तिचं, पण या घरात नवरीलाही तोंड होतं. "मालोजीचा हत्ती नगंच मला. आळीतल्या रुक्मिणीच्या लग्नात त्यानं तीनच पाय काढलं होतं. चौथा कुठाय इचारलं तर म्हणला, मागं हाय."

अर्जुन हसला. तानाबाई हसल्या नाहीत. एकुलत्या एका लेकीचं लग्न, पुण्याची माणसं येणार, तळेगावाची येणार, आणि दारात धाकट्या जावेने पहिल्यांदाच काढलेलं काहीतरी असणार. लोक हसले तर ते छबूला हसतील, हेच त्यांच्या मनात घोळत होतं.

"इचारा तिला," बबनराव म्हणाले.

सरू चार हातांच्या अंतरावर बसली होती. पण थोरल्या दिरासमोर तिने चार वर्षांत तोंड उघडलं नव्हतं, ते या घरात बसत नव्हतं, आणि बबनरावांनीही तिला कधी थेट काही विचारलं नव्हतं. मध्ये नेहमी कुणीतरी लागायचं.

"सरू, दादा इचारत्यात, जमंल का?" अर्जुनाने विचारलं.

सगळ्यांना वाटलं, ती पदर पुढे ओढून मानेनेच नाही म्हणेल. तिलाही तसंच वाटलं होतं.

"जमंल," ती म्हणाली.

"बुधवारपतोर," बबनराव अर्जुनाकडे बघून म्हणाले. "न्हाई जमलं तर चुना फासायचा अन् बिनहत्तीचं लगीन लावायचं."

*

सरूला ती भिंत हवी होती. हे तिने स्वतःलाही त्या रात्री अंथरुणावर पडल्यावरच कबूल केलं. चार वर्षांत या घरात तिने काही मागितलं नव्हतं. लुगडं नाही, माहेर नाही. पण पोळ्याला शिंग रंगवून झालं की ते संपूच नये असं तिला वाटायचं. शिंग केवढंसं असतं. वेल चढता चढता टोक येतं आणि हात हवेत राहतो. इथे तर दाराच्या एकेका अंगाला दोन पुरुष लांब भिंत होती.

मंगळवारी तिने रंग जमवले. गेरू, चुना, पिवडी, दिव्याची काजळी आणि कपड्यांची नीळ. बाभळीचा डिंक रात्रभर भिजत घातला होता. शिंदीच्या काड्यांची टोकं ठेचून जाड कुंचले केले, आणि बारीक कामासाठी पाखऱ्याच्या शेपटीचे केस काडीला बांधले. पाखऱ्याने मागे वळून बघितलं, पण काही केलं नाही.

राहता राहिला हत्ती. तो तिने जन्मात पाहिला नव्हता. देवळातला गणपती पाहिला होता, पण त्याचं अंग माणसाचं. मालोजीचे हत्ती दहा दारांवर पाहिले होते. तेच आठवत आठवत तिने कोळशाने सोंड काढली, मग कान काढला. प्रत्येक रेघेला ती थांबायची आणि मनात विचारायची, त्या दारावर कसं होतं? हात भिऊन चालला होता. मानेच्या मागे आल्यावर मात्र तो आपोआप चालायला लागला, आणि तिला बरं वाटलं. तिथून तिने विचारणं सोडून दिलं.

बुधवारी दुपारी डाव्या बाजूचा हत्ती पुरा झाला. सरूने कुंचला खाली ठेवला आणि बाजूला सरकली. तोवर मांडवात आळीतल्या पाच-सात बायका पापड वाळवायला जमल्या होत्या.

बायका पापड सोडून उठल्या. मग सुभद्राबाई पुढे आल्या, मान तिरकी करून बघू लागल्या.

"अगं बया. ह्या हत्तीला वशिंड कुठनं फुटलं?"

सरूने बघितलं. खरंच होतं. मानेमागे हात आपोआप चालला होता तो असा. हत्तीच्या पाठीवर चांगलं भरदार, किंचित कललेलं वशिंड होतं, आणि गळ्याखाली बैलाच्या कातडीची पोळी लोंबत होती. पुढून हत्ती आणि मागून बैल असं ते जनावर दाराकडे तोंड करून उभं होतं.

एक बाई हसली, मग सगळ्याच हसल्या. सरूलाही हसू आलं, कारण ते हसण्यासारखंच होतं. पण हसता हसताच ती रंगाचं भांडं उचलून आत गेली.

"जू ठेवायला जागा बरी केलीय," सुभद्राबाई म्हणाल्या. "लग्न झालं की नांगराला जुंपा." मग शेजारच्या तीन घरांत जाऊन त्यांनी हे पुन्हा सांगितलं, आणि प्रत्येक घरातून दोन दोन बायका हत्ती बघायला आल्या.

बबनराव शेतावरून आले तेव्हा मांडवात जत्रा जमली होती. त्यांनी हत्ती पाहिला. मिशीतल्या मिशीत हसले आणि मग गंभीर झाले.

"अर्जुनाला सांगा, सकाळी चुना फासून टाक," ते म्हणाले.

तानाबाई चुलीपाशी होत्या. सरू त्यांच्या शेजारी बसून पिठात पाणी घालत होती आणि ते पुरतं भिजलं तरी घालतच होती. बाहेर पुन्हा हशा उठला. तानाबाईंना सोमवारपासून याचीच धास्ती होती, अगदी असंच होणार हे त्यांनी ओळखलं होतं, आणि आता ते झाल्यावर त्यांना सरूचा राग यायला हवा होता. तो आला नाही. राग आला तो बाहेरच्या हसण्याचा. त्या उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"वन्स, झालं का हसून?"

"अगं, हत्ती बघ तरी," सुभद्राबाई म्हणाल्या.

"बघितला. तुमी काढा की एक. ती बाजू मोकळीच हाय. दोन दिवस उन्हात उभं ऱ्हाऊन तिनं काढलाय, तुमी दोन दिवस पापड लाटलं. माझ्या घरातल्या माणसाला हसायचं असंल तर मला इचारून हसत जावा."

बायकांना एकदम आपापल्या घरची कामं आठवली. सुभद्राबाई पापड उलटू लागल्या. त्यातले निम्मे त्यांनी आधीच उलटलेले होते.

तानाबाई आत आल्या आणि सरूच्या हातातून पाण्याचा तांब्या काढून घेतला. "पुरे आता, त्याची लापशी व्हायला आलीया," त्या म्हणाल्या. "रडून घ्यायचं तर आत्ता घे. उद्या हळद हाय, उद्या टाईम न्हाई."

*

गुरुवारी उजाडताच सरूने स्वतःच चुन्याची बादली भिंतीशी आणली. आपलं हसं आपणच पुसावं, दुसऱ्याने पुसायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. सोंड पुसली, कान पुसला. डोळा पुसताना थोडं वाईट वाटलं. मग ती मानेपर्यंत आली आणि थांबली.

वशिंड चांगलं होतं.

ती दोन पावलं मागे गेली. पुन्हा बघितलं. वशिंडाचा तो कल, त्याच्यामागून पाठीवर उतरणारी रेघ, गळ्याखालच्या पोळीची घडी. सोंड मालोजीची होती, कानही मालोजीचे होते. हे मात्र कुणाचं बघून काढलेलं नव्हतं. चार वर्षं रोज सकाळी वैरण टाकताना, पाठ खाजवताना, पोळ्याला तेल चोळताना हाताला जे माहीत झालं होतं तेच हाताने काढलं होतं. अख्ख्या भिंतीवर खरं असं तेवढंच होतं, आणि नेमकं त्यालाच सगळे हसले होते.

अर्जुन पहिल्या शिफ्टला निघाला होता. सायकल घेऊन तो तिच्यामागे येऊन उभा राहिला. आपणच हिला यात ढकललं म्हणून कालपासून त्याला चोरट्यासारखं झालं होतं.

"मी फासू का चुना? दे इकडं."

"नगं. समदा पुसायचा न्हाई." तिने बादली बाजूला सारली. "वशिंड ठिवायचं. हत्ती तेवढा पुसायचा."

अर्जुनाने भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं असं नाही, पण तिचा आवाज कालच्यासारखा नव्हता एवढं कळलं.

"दादा काय म्हणतील?"

"त्ये मला कुठं काय म्हणत्यात? तुमालाच म्हणतील," सरू म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदाच हसली. "येताना नीळ आणा. आन् घरातल्या दोन घोंगड्या द्या, भिंतीवर सोडायला. पुरं होईस्तवर कुणी बघायचं न्हाई."

असं ते गुरुवारचं चाललं. पुढे हळद, घाणा, जात्यावरची गाणी, आणि मागे घोंगडीआड सरू. तानाबाईंनी दाराशी पाट टाकला आणि हळकुंडं निवडायच्या निमित्ताने पहारा धरला. सुभद्राबाई दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या पुण्याहून आणलेली हिरव्या रंगाची पुडी घेऊन. "रांगोळीला आणली होती. हिला लागंल तर घे म्हणावं," त्या म्हणाल्या. तानाबाईंनी पुडी घेतली आणि पाटावर थोडं सरकून त्यांना जागा दिली. मग पहाऱ्याला दोघी झाल्या.

बबनरावांची मात्र पंचाईत झाली. घर त्यांचं, भिंत त्यांची, आणि बघायची सोय नाही.

"आत हाय तरी काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला ठावं न्हाई."

"अगं, पण हत्ती हायती का न्हाईत?"

"तुमीच चुना फासायला लावला ना? मग चुनाच हाय समजा," तानाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी बायका नवरीला न्हाऊ घालायला आत गेल्या, सरूही हात धुवायला विहिरीवर गेली, आणि बबनरावांनी डाव्या बाजूची घोंगडी उचलली. मग ते तिथेच उभे राहिले.

पाखऱ्या होता. कुणी नाव सांगायची गरजच नव्हती. हत्तीच्या जागेवर काढलेला, म्हणून हत्तीएवढाच मोठा. कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग जरा आत वळलेलं, आणि धावायच्या आधी तो पुढचा पाय उचलून धरायचा तसाच उचलून धरलेला. शिंगांवर वेल होता आणि टोकांवर पाखरं. बबनरावांनी आपल्या नकळत हात पुढे केला. या बैलावर त्यांनी पोरासारखी माया केली होती आणि ती कधी कुणाला सांगता आली नव्हती. ती इथे सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि आजूबाजूला कुणी नाही याचं त्यांना बरं वाटलं.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूची घोंगडीही उचलली. तिथे हरण्या होता. यशवंतरावांचा हरण्या, तोही तेवढाच मोठा, तोंड दाराकडे. बबनरावांनी आधी दारापासून दोघांचं अंतर वीत लावून मोजलं. सारखं होतं. त्यांना जरा खट्टूच वाटलं. पण खरा घोटाळा पुढे होता. हरण्याचा उजवा कान मधोमध फाटलेला होता.

"सरू," त्यांनी हाक मारली. मध्ये कुणी नव्हतं. विहिरीवरून येता येता ती दचकून थांबली आणि पदर पुढे ओढला.

"ह्यो कान असा का?"

सरूने इकडेतिकडे बघितलं. अर्जुन वऱ्हाड आणायला वेशीवर गेला होता. तानाबाई आत होत्या.

"फाटकाच हाय त्यो," ती पदराआडून म्हणाली. "जत्रंत नदीवर पाणी पीत व्हता तवा मी जवळनं बघितला."

"अगं, पण त्यास्नी वाटंल, आपल्या बैलाची खोड काढून दारात टांगली. यशवंतराव लई मानी माणूस हाय. मांडवात पाय ठेवायचा न्हाई. एक बोट रंग लाव. तेवढा कान नीट कर."

एक बोट रंग. कुंचला भांड्यातच होता. सरूने तो उचलला. हा माणूस तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता, आणि तिची अजिबात इच्छा नव्हती की पहिल्याच बोलण्याला आपण नाही म्हणावं.

"कान नीट केला तर त्यो कुनाचाबी बैल व्हईल, भावजी," ती म्हणाली. "मग हत्तीच बरा व्हता." आणि तिने कुंचला परत भांड्यात ठेवला.

बबनराव काही बोलणार, तोच वेशीकडून वाजंत्री ऐकू आली, आणि सरूने दोन्ही घोंगड्या खाली ओढल्या.

*

यशवंतरावांना तळेगावाहून निघाल्यापासून एकच सांभाळायचं होतं. सोयऱ्याच्या दारात पहिल्या पावलाला आपण वाकायचं नाही. फेटा नवा, कोट नवा, मागे सात गाड्या. मांडवाच्या तोंडाशी बबनराव हात जोडून उभे होते, आणि त्यांचा चेहरा ताप आल्यासारखा दिसत होता. मग यशवंतरावांची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

ते चालत सुटले. पायांवर घालायचं पाणी घेऊन सुभद्राबाई उभ्या होत्या, त्यांना ओलांडून ते थेट उजव्या भिंतीशी गेले. वाजंत्री दोन सूर पुढे वाजून थांबली.

"ह्ये कुणी काढलं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

बबनराव पुढे झाले. "पाव्हणं, पोरीची चूक झाली. आत्ता नीट करून—"

"कुणी काढलं इचारतोय मी."

तानाबाईंनी सरूच्या पाठीला हात लावला. ढकललं नाही, नुसता लावला. सरू पुढे आली.

"मी, मामा."

"हरण्या एवढा मोठा न्हवता."

"लांबनं बघणाऱ्याला न्हवता," सरू म्हणाली. "तुमाला तेवढाच दिसत आसंल."

यशवंतरावांनी हात वर केला आणि फाटक्या कानावर बोट ठेवलं. रंग अजून ओला होता. बोटाला काजळी लागली. ती त्यांनी पुसली नाही.

"बाभळीच्या कुपात शिरला होता, वासरू असताना," ते म्हणाले. "मीच काढला वडून. गेला त्यो. मार्गशीर्षात घटसर्पानं गेला, एका दिसात."

"आमाला सांगितलं न्हाई तुमी," बबनराव म्हणाले.

"कसा सांगू? तुमी म्हणला असता, आता पाखऱ्याच पहिला."

बबनरावांनी मान खाली घातली, कारण ते खरोखरच तसं म्हणाले असते. मग त्यांनी व्याह्याचा हात धरला. "बारी सारखी भरली व्हती, यशवंतराव," ते म्हणाले. "भिंतीवरबी सारखीच हाय. मी वीत लावून बघितलंय."

यशवंतरावांनी दाराच्या या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं, आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. सुभद्राबाईंनी ती संधी साधून त्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि वाजंत्री परत सुरू झाली.

मालोजी पेंटर आला तो दुपारी, अक्षता पडून पंगती बसल्यावर. एका दिवसाची सुट्टी काढली होती. मोकळी भिंत दिसली तर निदान एक तरी हत्ती काढून द्यावा, या शरमेने पिशवीत कुंचले घेऊन आला होता. भिंतीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. सरू पंगतीत भात वाढत होती. तिची बुट्टी रिकामी होईपर्यंत तो थांबला.

"बाई, हत्ती का न्हाई काढला?"

"काढला व्हता. त्याला वशिंड आलं," सरू म्हणाली. लपवावं असं आता तिला वाटलं नाही. "मी हत्ती बघितलेलाच न्हाई."

मालोजीने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "मी तरी कुठं बघितलाय? माझ्या उस्तादानं शिकवला तसा काढतो. त्यानंबी बघितला नसंल." मग त्याने पिशवीतून एक बारीक, खरा केसांचा कुंचला काढून तिच्या बुट्टीत ठेवला आणि पंगतीत जाऊन बसला.

संध्याकाळी पाठवणीची गाडी जुंपली. छबू रडून रडून थकली होती; आईच्या गळ्यात पडून झालं होतं, काकीच्या पडून झालं होतं, आणि आता ती गोठ्याच्या दिशेने बघत होती. यशवंतरावांनी ते पाहिलं. ते सरूसमोर येऊन उभे राहिले.

"पोरी, आमच्या दाराला येशील का? एका अंगाला हरण्या काढ. दुसऱ्या अंगाला तुमचा पाखऱ्या. सुनबाईला झाडलोट करताना माहेरचं जनावर दिसंल."

छबूचं रडणं थांबलं. सगळे सरूकडे बघू लागले. सरूने सवयीने अर्जुनाकडे बघितलं. तो गाडीचा दोर आवळण्यात गुंतल्यासारखा करत होता. तानाबाईंकडे बघितलं, त्या लेकीचा पदर नीट करत होत्या. बबनरावांकडे बघितलं. ते सरळ तिच्याकडेच बघत होते, आणि मध्ये कुणी नव्हतं.

"यीन," ती म्हणाली. "पर आदी भिंत बघीन. आन् पुरं होईस्तवर कुणी घोंगडी उचलायची न्हाई."

"कबूल," यशवंतराव म्हणाले. "वर दोन हत्ती काढ की मग. शोभंल."

"हत्ती न्हाई काढणार, मामा. बघितल्याबिगर आता मी कायबी काढणार न्हाई."

गाडी हलली. वेस ओलांडून धूळ खाली बसेपर्यंत सगळे उभे राहिले. तानाबाई डोळे पुसत घरात गेल्या, सरू त्यांच्यामागे गेली. मांडवात दोघे भाऊच उरले. बबनरावांनी पाखऱ्याकडे बघितलं, रिकाम्या वाटेकडे बघितलं, आणि घसा खाकरला.

"अर्जुना," ते म्हणाले, "पुण्याला सर्कस कवा येती रं?"